मागच्या गादीतलं पुडकं

मोटारींच्या गाद्या शिवणारा तो कारागीर मितभाषी होता. मेहुण्याच्या मते, तोंडालाही टाके घालून बसलेला. जुनं कव्हर उसवलं की फटींतून लोकांचे संसार बाहेर पडत: कानातलं, खेळण्याचं चाक, कुणाचा तरी फोटो. विचारायचं नाही, उघडायचं नाही, सारं जिथल्या तिथे ठेवून गाडी परत करायची, हा वडिलांनी घालून दिलेला दंडक होता. दुकानाची पत त्यावरच उभी होती.

म्हणून त्या पांढऱ्या मोटारीच्या मागच्या गादीत फोम कोरून बसवलेलं पुडकं दिसलं, तेव्हा त्याने ते तसंच ठेवून वरून नवं कव्हर शिवलं. गाडी मालकाच्या घरी पोहोचवायला तो निघाला आणि वाटेत पोलिसांनी अडवलं. त्यांचं कुत्रं मागच्या दारापाशी ठाण मांडून बसलं. पुडक्यात नशेची पूड निघाली. मालकाने हात झटकले: असलं काही आपण कधी पाहिलंच नाही.

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत वकीलबाई म्हणाल्या, "गाडी दुसऱ्याची, एवढ्यावर सुटका होत नाही, काका. ती तुमच्या ताब्यात होती. आत काय आहे हे माहीत नव्हतं, हे आपणच दाखवायचं असतं. पुडकं दिसलंच नाही म्हणा."

"गादी मीच उघडली. दिसणार नाही कसं?"

"अहो, आयुष्यभर गप्प बसलात," बायको म्हणाली, "आताच कंठ फुटायला हवा का?"

मेहुण्याने सुस्कारा सोडला. "भावोजी, तुमचं सत्य आत जाईल, ताई बाहेर एकटी राहील."

त्याने मान डोलावली.

न्यायालयात सरकारी वकिलाने ती गादी समोर ठेवली. "शिवण तुमचीच ना? मग डोळे मिटून शिवता का?"

मागे कुणीतरी हसलं. न विचारण्याला तो आजवर सचोटी समजत आला होता. त्या दिवशी त्यात भीतीही मिसळलेली होती, हे त्याला आता कळलं. त्यावर आता खोटंही रचणं त्याला जमेना.

"दिसलं होतं," तो म्हणाला. "उघडलं नाही. आत काय, ठाऊक नव्हतं."

न्यायाधीशांनी पहिलं वाक्य लिहून घेतलं आणि पुढच्या दोन वाक्यांना साक्षीदार आहे का, असं विचारलं. पुडकं बांधलं तसंच होतं, हे सांगू शकणारा माणूस एकच, गाडीचा मालक. आणि त्याने तर ते कधी पाहिलंच नव्हतं.