मुराळी जोतीराम

मंगळवार पेठेतल्या कुठल्याही जुन्या खोडाला विचारा. जोतीराम ड्रायव्हर म्हटलं की ते आधी हसेल आणि मग एक सुस्कारा टाकेल. हसेल ते त्याच्या तोंडाला. मोटार चालवताना हा गडी रस्त्यातल्या बैलांना, आभाळाला आणि स्वतःच्या इंजिनाला अशा काही शिव्या घालायचा की शहाणी माणसं मुद्दाम मागच्या बाकावर जाऊन बसायची. आणि सुस्कारा श्रावणासाठी. कारण श्रावण लागला की हाच शिवराळ गडी अख्ख्या पेठेचा मुराळी व्हायचा.

मुराळी म्हणजे लेकीला सासरहून माहेरी आणायला जाणारा माणूस. एरवी ते काम भावाचं. पण भाऊ कुठं चिखलणीत अडकलेला, कुठं तालमीत. मग काय, ‘जोतीराम, येताना आमच्या पोरीला घिऊन ये की,’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. कोल्हापूर ते मलकापूर ही त्याची सर्व्हिस मोटार. एस.टी. अजून त्या रस्त्याला आली नव्हती. पंचमी जवळ आली की जाताना तिकडच्या लेकी, येताना इकडच्या, आणि टपावर फडक्यात बांधलेल्या लाह्या-लाडवांच्या बुट्ट्या. एखादी बुट्टी भिजली तर क्लीनर केरबाची धडगत नसे.

आणि नशीब बघा कसं असतं. साऱ्या गावाच्या लेकी माहेरी आणणाऱ्या या माणसाची सख्खी बहीण तीन वर्षं माहेराला आली नव्हती.

तानाबाई तिचं नाव. मलकापुरात हंबीररावांच्या घरात दिलेली. लग्नाचं वऱ्हाड आणायला जोतीरामाचीच मोटार गेली होती. तेव्हा पेट्रोलची मारामार, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. ऐन वैशाखात तिनं वाटेतच मान टाकली आणि नवऱ्या मुलाचा बाप असलेल्या हंबीररावांना डोईचा फेटा सांभाळत उन्हातून पायी यावं लागलं. झालं! व्याह्याचा मान गेला. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, पण म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. पोरीला सासरी खायला-ल्यायला काही कमी नव्हतं. फक्त माहेरी पाठवायचं नाव नाही. जोतीरामानं रोज त्याच गावात मोटार लावायची, आणि बहिणीच्या दारात पाऊल टाकायचं नाही. कधी विहिरीवर लांबून दिसली तर दिसली.

गंमत अशी, की हंबीररावांची धाकटी लेक सरोजिनी कोल्हापुरात राजारामपुरीत दिलेली. तिला पंचमीला माहेरी आणायला मोटार लागायची ती जोतीरामाचीच. दुसरी होती कुठं?

बावन्न साली मात्र आषाढात हंबीररावांचा निरोप आला. पंचमीच्या आदल्या दिवशी, चतुर्थीला, दिवस मावळायच्या आत मुराळी दारात आला तर पोरगी पाठवू. उशीर झाला तर पुन्हा तोंड दाखवू नका. जोतीरामाची आई चिमणाबाई निरोप ऐकून लहान पोरीसारखी रडली. म्हातारीचे डोळे अधू होत चालले होते. दिसतंय तोवर लेकीला घरात हिंडताफिरताना एकदा बघू दे, एवढंच तिचं मागणं.

चतुर्थी उजाडली ती आभाळ फाटल्यासारखी. तरी जोतीरामानं मोटार काढली. आत माहेराला निघालेल्या बाया, त्यांची कच्चीबच्ची, आणि मांडीवर तान्हं घेऊन सरोजिनी. हिला त्या दारात सोडायचं आणि त्याच दारातून ताना घेऊन फिरायचं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. नवा सदरा घातला होता बिचाऱ्यानं.

बांबवडं मागं पडलं आणि पुढच्या ओढ्यावर मोटार थांबली. फरशी-पुलावरून पुरुषभर पाणी चाललं होतं, झाडंच्या झाडं वाहत होती. परत फिरावं तर मागच्या ओढ्यालाही तोवर पाणी चढलेलं. इकडं आड, तिकडं विहीर. जोतीरामानं ओढ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मोटार मागं घेऊन चढावर लावली.

दुपार टळली तरी पाणी हलेना. केरबाला डोंगराच्या अंगानं जाणारी पाऊलवाट ठाऊक होती. वर ओढा अरुंद होता, एकट्या गड्यानं मनावर घेतलं तर दिवस मावळायच्या आत मलकापूर गाठता आलं असतं. बायापोरांना ती वाट जमणारी नव्हती. केरबा म्हणाला, मी राखतो मोटार, तू सूट. सरोजिनी तर खाली उतरूनच आली.

“दादा, आमच्या आबांचा सबूद तुमास्नी ठावं हाय,” ती म्हणाली. “तुमी डोंगरानं जावा. आमी बसतो हितं.”

जोतीराम निघालाही. धोतर खोचून निम्मा चढ चढला. तिथून त्यानं मागं वळून बघितलं. चहूकडं पाणी, मधे त्याची मोटार, आणि खिडक्यांतून त्याच्याकडं लागलेली लेकीबाळींची तोंडं. पाणी आणखी चढलं तर ही मोटार हॅण्डल मारून चालू करणं केरबाच्या बापाला जमणार नव्हतं. तो तसाच पाय आपटत खाली आला.

“तुमास्नी पाण्यात टाकून गेलो, तर मी कसला मुराळी?” एवढंच तो बोलला.

त्या दिवशी बायांचा भावाचा उपवास. मोटारीतल्या एकूण एक बाईनं आपापल्या भावासाठी धरलेला. बुट्ट्या सोडल्या त्या फक्त पोरांसाठी. जोतीराम मलकापूरच्या दिशेला तोंड करून मोटारीच्या पायरीवर बसून राहिला. दिवस मावळला. तिकडं ताना त्याच्याच नावानं उपाशी असणार, आणि इकडं आई उंबऱ्यात. आता कुठल्या तोंडानं घरी जायचं, हेच त्याच्या डोक्यात. त्या संध्याकाळी त्याच्या तोंडातून एकही शिवी निघाली नाही, तेव्हा केरबा घाबरला.

पंचमीला सकाळी पाऊस उघडला, पण पाणी होतं तिथंच. बायांनी बांधाकडेला एक वारूळ शोधून काढलं, लाह्या वाहिल्या, फेर धरला. मग एकेक जण येऊन जोतीरामाच्या ओंजळीत लाह्या घालून पाया पडली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात पलीकडच्या काठाला एक बैलगाडी येऊन थांबली. घोंगड्याची खोळ घेतलेले हंबीरराव उतरले, आणि त्यांच्या मागनं ताना. म्हातारा आदल्या दिवशी मलकापूरच्या मोटार अड्ड्यावर लेकीची वाट बघत दिवेलागणीपर्यंत बसला होता. मोटार आली नाही. ओढ्यांना पाणी आल्याची बातमी तेवढी आली. घरी बायकोनं अंथरूण धरलं, सुनेच्या पोटात आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब नाही. उजाडताच त्यांनी गाडी जुंपली आणि सुनेला म्हणाले, चल.

त्यांनी पलीकडून काहीतरी सांगितलं. पाण्याच्या आवाजात इकडं काही कळेना, म्हणून जोतीरामानं कानाला हात लावून दाखवला. मग त्या मानी माणसानं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि बेंबीच्या देठापासून ओरडून सांगितलं.

“पोरगी पंचमीला आली न्हाय म्हंजी काय व्हतं, ते मला काल कळलं. तुमच्या आईला तीन वर्सं तसं बसवलं मी.”

सगळ्या मोटारीनं ते ऐकलं. कुणी हसलं नाही. जोतीरामानं ओंजळीतल्या लाह्या उचलून तानाला दाखवल्या आणि तोंडात टाकल्या. मग पलीकडं तिनं पदराची गाठ सोडली, चार लाह्या खाल्ल्या आणि उपवास सोडला.

तो अख्खा दिवस दोन्ही काठांवर माणसं बसून होती. पाणी उतरलं ते दुसऱ्या दिवशी. हंबीररावांनी नातवंड खांद्यावर घेतलं, ताना गुडघाभर पाण्यातून चालत मोटारीपाशी आली, आणि भावाला बघून आधी हसली, मग रडली.

बाकीच्या लेकी मलकापूरला पोचवून मोटार फिरली. कोल्हापूर आलं तेव्हा दिवस कलला होता. पेठेतले झोके उतरले होते, कुणाच्या दारात फेर रंगत नव्हता. सण गेल्यावर बहिणीला आणली, याची टोचणी जोतीरामाला वाटभर लागली होती. चिमणाबाई उंबऱ्यातच बसली होती. लेकीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तर घरात भाकरीच नाही. पंचमीला आपल्याकडं चुलीवर तवा चढत नाही, विळीला हात लावत नाहीत. म्हातारीनं दोन दिवस दोन्हीला हात लावला नव्हता, दूध-लाह्यांवर होती. शेजारच्या अंबूबाईनं कानीकपाळी ओरडून सांगितलं, सण होऊन गेला, भाकरी थापा. ही ढिम्म. शेवटी तुकडा अंबूबाईनंच आपल्या घरनं आणून दिला.

चिमणाबाईनं लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, डोळ्यांजवळ ओढून बघितलं.

“आई, पंचमी कवाच झाली की गं,” ताना म्हणाली.

“गावाची झाली आसंल. माझी लेक आत्ता आली. माझ्या घरात पंचमी उद्या हाय.”

जोतीराम भिंतीकडं तोंड करून ढसाढसा रडला. अंबूबाईनं गुंडाळून ठेवलेला कासरा काढला आणि लिंबाच्या फांदीला झोका पुन्हा बांधायला घेतला.