प्रत्येक पानावरची वरची ओळ

माझी सून शर्मिष्ठा एका जागी बसेल तर शपथ! चहा गॅसवर, फोन कानाला आणि जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. माझ्या मुलाची, राघवची बँकेत बदली झाली म्हणून आम्ही सांगलीहून लखनौला आलो, तिथल्या चिनहट भागात घर घेतलं, आणि बाईसाहेबांनी चाळिशीत इंग्रजीच्या पीएच.डी.ला नाव घातलं. त्याला सहा वर्षं झाली.

अभ्यास कसला, तर जुन्या काळातल्या बायकांनी लिहिलेल्या चाळीस इंग्रजी कादंबऱ्यांचा. त्या कॉम्प्युटरमध्ये घालून ही शब्द मोजायची! मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "अगं, भात खायचा की शितं मोजायची?" हसून म्हणाली, "आई, 'होम' हा शब्द पन्नास वर्षांत तिपटीने वाढलाय. बायका जितक्या घरात कोंडल्या गेल्या, तितकं त्यांनी घर लिहिलं." अख्खा प्रबंध या एका वाढीवर उभा होता, आणि येत्या शुक्रवारी तो जमा करायचा होता.

सोमवारी तिच्या गाईड मधुमती मॅडमनी सांगितलं, काळाने सगळ्यात शेवटच्या तीन कादंबऱ्या छापील प्रतींशी ताडून घे. लायब्ररीतून पुस्तकं आली. मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलेलं, म्हटलं मी वाचते, तू पडद्यावर बघ. मास्तरणीची सवय ती, मी पानाच्या अगदी वरून सुरू करायची. पुस्तकाचं नाव, पान नंबर, मग मजकूर.

"आई, वरचं नाव नका ना वाचू दरवेळी!" ती वैतागली.

"का? तुझ्या पडद्यावर नाही का ते?"

तिने वाकून पाहिलं. पडद्यावर होतं. पुस्तकं स्कॅन करताना प्रत्येक पानावरचं नावही मजकुरात येऊन बसलं होतं, आणि या तिन्ही पुस्तकांच्या नावात 'होम' होतं. पाचशे पानं, पाचशे वेळा!

"माझी नजर ते गाळते हो," ती पुटपुटली. "कॉम्प्युटर नाही गाळत."

नावं काढून तिने पुन्हा मोजलं. वाढ कुठल्या कुठे गेली. मग काय, संध्याकाळपर्यंत तिच्या स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा येरझाऱ्या. मलाही बसवेना. मटार सोलताना दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकत होते मी.

राघव आला, सगळं ऐकून म्हणाला, "जमा कर यार, कौन देखने वाला है?"

खोटं कशाला बोलू, मीही तेच म्हटलं. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायकांना सांगून बसले होते ना, आमची सून डॉक्टर होणार म्हणून! "सहा वर्षं पाण्यात घालतेस का? कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलं की, आई. दहाव्या पानाला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आयुष्यभर पोरांना कॉपी करू नका म्हणून छड्या मारल्या, आणि आज हे तोंडातून आलं!

तिने फोन लावला. "मॅडम, मेरी गिनती ग़लत निकली है. फ्राइडे को जमा नहीं कर रही." पलीकडचं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली.

"काय म्हणाल्या?"

"उरलेल्या सदतीसही ताडायला सांगितल्यात. निदान सहा महिने जातील."

मी पदराने तिचे डोळे पुसले, मग माझा चष्मा.

"आण पहिलं पुस्तक," म्हटलं. "आणि मी वरपासूनच वाचणार हं!"