जपानला राहिलेला डबा

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मधेमधे मला थांबावं लागणार नाही. तीस-बत्तीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाने स्वतःची अशी वाट लावून घेतली आहे, की भांडुपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अजून मी जिन्यात दिसलो की लोक कमरेत वाकतात. आदराने नव्हे हो!

सगळं सुरू झालं ते मला जपानला परत जायचं होतं म्हणून.

एकदा जाऊन आलो होतो, मी आणि सुलभा. सुलभा म्हणजे आमची ही. मी निवृत्त झाल्यावर मुलीने हट्टाने पाठवलं. जाताना मी कुरकुरत गेलो, आणि आल्या दिवसापासून एकच धोशा लावला: परत जायचं, परत जायचं!

का? तर मला भांडायची सवय. रिक्षावाला, बँक, वॉर्ड ऑफिस, केबलवाला, कोणी ना कोणी रोज लागतंच. तिकडे आठवडाभर एकही भांडण नाही! एका छोट्याशा गावात हायाशी नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो. पहिल्याच सकाळी मी आवाज चढवला, "चहा गार आहे!" हायाशीकाका इतके वाकले, इतके वाकले, की चहा मीच गार केलाय असं मला वाटायला लागलं. मग मी वाकलो. ते आणखी वाकले. शेवटी सुलभा म्हणाली, "पुरे आता, डोकी आपटतील."

तुम्हाला सांगतो, माझं ब्लडप्रेशर असं खाली आलं म्हणता! अशा देशात परत जावंसं वाटणार नाही तर कुठे वाटणार?

पण सुलभाने पाय रोवले. ती मालवणची. एरवी माझ्याशी मुंबईची मराठी बोलते, पण विषय संपवायचा असला की मालवणीत शिरते.

"एकदा बघून झालो ना तो देस? आता परत कित्याक? कोणी बोलावल्याशिवाय मी खयंच येवचंय नाय."

झालं! म्हणजे आता जपानहून आमंत्रण यायला हवं. मला कोण आमंत्रण देणार? बत्तीस वर्षांत मला पत्रकार परिषदेलासुद्धा लोक नाइलाजाने बोलवायचे.

आणि तेवढ्यात डबा आला.

निघताना सुलभाने हायाशीकाकूंना खडखडे लाडवांचा स्टीलचा डबा दिला होता. इथून जाताना नेलेले लाडू. दात नसलेल्या माणसाला ते का दिले, हे मला विचारू नका. डबा तिकडेच राहिला. आम्ही विसरूनही गेलो होतो, आणि एक दिवस कुरियरने डबा हजर! लखलखीत घासलेला. सोबत एक सुबक लाकडी पेटी, आणि पेटीत एकेका कागदात गुंडाळलेल्या एवढ्याएवढ्याशा मिठाया.

मिठाया आम्ही खाल्ल्या. सुलभाने पेटी उलटीपालटी करून बघितली. गुळगुळीत लाकूड, झाकणावर रेशमी दोरी, बाजूला त्यांच्या अक्षरात शिक्का.

"अहो, पेटी परत पाठवायला हवी."

"अगं, ठेव की. छान आहे."

"दुसऱ्याच्या घरचं भांडं ठेवून घ्यायचं? त्यांनी आपला डबा एवढ्या लांबून पाठवला, आणि आपण त्यांची पेटी ढापायची?"

मुद्दा बिनतोड होता.

"बरं, पाठवू."

"पण रिकामी कशी पाठवणार?"

आता आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. मग ही तर आंतरराष्ट्रीय वाटी! सुलभाने नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळल्या. वर थोडे सुके बोंबील ठेवावेत असा तिचा आग्रह होता, पण मुलुंडच्या कुरियरवाल्याने दुरूनच हात जोडले. मी त्याच्याशी अर्धा तास भांडलो. "कोणत्या नियमाखाली? दाखव नियम!" त्याने नियम दाखवला. नेवऱ्या गेल्या, बोंबील घरी परत आले.

महिन्याभरात जपानहून पार्सल. दोन टॉवेल, तेही नव्या लाकडी पेटीत!

"बघ, आणखी एक पेटी," सुलभा म्हणाली. "आता हीसुद्धा परत पाठवायला हवी."

या पेटीतून सोलापुरी चादर गेली. तिकडून चहाचे दोन कप आले, पेटीत. आम्ही पितळी समई पाठवली. तिकडून छत्री आली, लांबुळक्या पेटीत. आम्ही पैठणीच्या काठाचं जाकीट शिवून पाठवलं. बरं, मी एक गोष्ट टिपली होती: आपण जेवढं मोठं पाठवावं, त्याच्या साधारण निम्म्याचं तिकडून यायचं.

"सुलभा, आपण जिंकतोय!" मी म्हणालो.

आता यात जिंकण्या-हरण्यासारखं काय होतं, असं तुम्ही विचाराल. मलाही आज तोच प्रश्न पडतो.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मंगेश गावकर. माझा जुना दोस्त. त्याने दारातला पार्सलांच्या कागदांचा ढीग बघितला आणि म्हणाला, "परब्या, काय चाललंय काय? स्मगलिंग?"

"गप रे. हे आमंत्रण आहे."

"कुठाय?"

"अरे येड्या, जपानी माणूस सरळ सरळ बोलत नाही. सुचवतो. पुरावा बघ ना! कप किती आले? दोन. म्हणजे तुम्ही दोघं या, चहा पिऊ. छत्री का आली? येताना आणा, इकडे पाऊस असतो. आणि काल काय आलं माहितीये? घरात घालायच्या सपाता! दोन जोड! आता यापुढे बोलायचं काय शिल्लक राहिलं?"

मंगेश विचारात पडला. "सपाता म्हणजे... खरंच यार. सपाता कोण कोणाला उगाच कशाला पाठवेल?"

"तेच तर! अख्खी हयात बातम्या हुंगण्यात गेली माझी. मला कळणार नाही?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळलं, की परबांना जपानच्या एका घरंदाज कुटुंबाने राहायला बोलावलंय. दुसऱ्या दिवशी त्याचं झालं, महिनाभर राहायला बोलावलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तर मला विचारलं, "दत्तक वगैरे घेतायत का हो?" आणि मी नाही म्हणालो नाही! नुसता हसलो. काय सांगू, डोक्यात हवाच अशी गेली होती.

त्यातच हायाशींची भाची युकी हिचा मोबाईलवर मेसेज आला. ती इंग्रजी शिकवते. "काका-काकूंना तुमच्याशी एका महत्त्वाच्या विषयावर समोरासमोर बोलायचं आहे. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करता येईल का?"

मी उडीच मारली. "सुलभा! आलं आमंत्रण!"

"बोलावू देत आधी," सुलभा म्हणाली. पण कपाटातली ठेवणीतली साडी बाहेर निघाली होती, ते मी बघितलं.

रविवारी मंगेशने आमचा फोन टीव्हीला जोडून दिला. घरात पाय ठेवायला जागा नाही. टीपॉयवर शाल आणि नारळ. कॉल संपला की सोसायटीतर्फे माझा सत्कार होणार होता.

टीव्हीवर हायाशीकाका-काकू आले. काकांनी पैठणीच्या काठाचं जाकीट घातलं होतं. बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. ते वाकले. मी वाकलो. ते पुन्हा वाकले. मागे अख्खी बिल्डिंग वाकली.

युकी बोलायला लागली. इंग्रजी सगळ्यांनाच कळत होतं, तरी मी मोठ्याने भाषांतर करत होतो. मान कोणाचा होता?

"म्हणतात, तुमच्या प्रेमाने आम्ही भारावून गेलो आहोत."

टाळ्या.

"म्हणतात, हे बोलताना आम्हाला फार संकोच वाटतोय."

"मी बोललो ना, सरळ बोलत नाहीत!" मंगेशने शेजारच्याला कोपर मारलं.

"म्हणतात, आमच्याकडे कोणी भेट दिली की तिच्या निम्म्याची तरी भेट उलट द्यावीच लागते. तशी... पद्धत आहे."

टाळ्या थोड्या कमी.

"म्हणतात, काकांनी तुमचा डबा परत केला आणि लाडवांबद्दल मिठाई दिली. तिथे सगळं... फिटलं होतं."

टाळ्या नाहीत. मी थांबलो, तर मागून मंगेश म्हणतो, "पुढे बोल ना परब्या, काय म्हणतेय?"

"म्हणतात... त्या लाकडी पेट्या भांडी नाहीत. खोकी आहेत. टाकून द्यायची."

सुलभाने "अगो बाय माझ्या!" म्हणून तोंडावर पदर घेतला.

"म्हणतात, तुम्ही खोकं भरून पाठवता, त्याची भेट आम्ही पाठवतो, तीही खोक्यात येते, तेही खोकं तुम्ही भरून पाठवता. काका आता थकलेत. गावातल्या दुकानदाराने त्यांना विचारलं, की तुमच्या घरात कोणाचं लग्न आहे का. म्हणतात, कृपा करून..." मी टीपॉयवरच्या नारळाकडे बघितलं. "कृपा करून थांबाल का?"

काका-काकू वाकलेलेच होते, वर यायला तयार नाहीत. मंगेश हातात शाल घेऊन उभा. घालावी की घडी करावी, त्याला काही कळेना. शेवटी त्याने ती स्वतःच्याच खांद्यावर टाकली.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? "सॉरी" म्हणून फोन ठेवला असतात. मी? मी ताडकन उभा राहिलो आणि इंग्रजीत गरजलो, "चूक माझी आहे! मी स्वतः तिकडे येऊन माफी मागेन!"

युकीने ते काकांना सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. हळू आवाजात बरीच चर्चा झाली. काकूंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा कपाटाकडे. मग युकी म्हणाली, "या, अवश्य या. फक्त एकच विनंती. रिकाम्या हाताने या."

आमंत्रण! अहो, आमंत्रण! बिल्डिंग अशी ओरडली की खालचा वॉचमन धावत वर आला. शाल मंगेशच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर आली.

पण सुलभा उठून स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग.

"रिकाम्या हातान? कोणाच्या दारात? माझो बापूस वरसून तोंडात मारीत माझ्या!"

"अगं, त्यांनीच सांगितलंय! त्यांची इच्छा पाळायची की तुझा बोंबील?"

आठवडाभर मी तिला समजावत होतो. सभ्यता म्हणजे काय, समोरच्याचं मन म्हणजे काय, असं सगळं. मुंबईच्या एकाही मंत्र्याला मी इतकं समजावलं नसेल. विमानतळावर तिची पिशवी मी स्वतः तपासली. कोकमाची बाटली निघाली, ती जप्त केली. मोज्यात कोंबलेली चिवड्याची पुडी निघाली, ती तिथेच बाकावर बसून आम्ही दोघांनी संपवली. विमानात पुन्हा बजावलं, "सुलभा, काहीही झालं तरी काहीही द्यायचं नाही. समजलं? स्वतःवर ताबा ठेव!"

"होय हो. तुम्ही तुमचा बघा."

पोचलो. कडाक्याची थंडी. मी स्वेटर, मफलर, वर कानटोपी. हायाशींच्या दारात उभे राहिलो, दोघांचे हात रिकामे, बोटं पसरून, पोलिसांसमोर उभं राहावं तसे. काकांनी दार उघडलं, मागे काकू आणि युकी उभ्या. आधी आमच्या हातांकडे बघितलं. रिकामे! त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला म्हणता! डोळे भरून आले बिचाऱ्यांचे. मी सुलभाकडे विजयी मुद्रेने बघितलं. ती अगदी स्वस्थ उभी होती. शाब्बास!

आणि काकांनी मागून एक छोटं रेशमी पुडकं काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"हे काय?" मी युकीला विचारलं.

ती कसनुसं हसली. "काही न आणल्याबद्दल आभार."

बस. तिथे माझ्यातलं काहीतरी तुटलं. पुढचं मी ठरवून केलेलं नाही, देवाशपथ. पुडकं घेतलं आणि माझा दुसरा हात आपोआप डोक्याकडे गेला. मी कानटोपी काढली. वापरलेली, प्रवासभर घातलेली, घामट, विटकरी कानटोपी! आणि कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, ती हायाशीकाकांच्या हातात ठेवली.

सुलभाने स्वतःचे रिकामे हात माझ्यापुढे पसरले.

काका खरोखर सभ्य माणूस. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी घेतली, तीनदा वाकले, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून काकूंना भरभर काहीतरी म्हणाले. काकू चपला पायात सरकवत माझ्या शेजारून बाहेर धावल्या.

"काय म्हणाले गं ते?" मी युकीला विचारलं.

"म्हणाले, 'पळ, दुकानं बंद व्हायच्या आत काहीतरी घेऊन ये.'"