अडाण्याची खुर्ची

रामटेके गेल्याची बातमी कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि मी ती खरी मानली नाही. त्या ग्रुपवर याआधी एका धडधाकट क्लार्कला श्रद्धांजली वाहून झालेली आहे. हात जोडलेल्यांची रांग वाढत गेली तरी मी हात जोडले नाहीत. सरळ सक्करदऱ्याला त्याच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, "हो भाऊजी, या वेळेस खरं आहे. तुम्ही या." मी विचारल्याशिवाय राहणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं...

मी वाणिज्य शाखेत ऑडिटिंग शिकवतो. आमच्या विषयाचा पायाच शंका. कागद बोलतो ते ऐकायचं, पण दाखला पाहिल्याशिवाय मानायचं नाही. तीस वर्षं हेच शिकवल्यावर माणूस घरच्या भाजीवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांकडे त्याच नजरेनं पाहू लागतो. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या शाखेबाहेरचंही काही शिकलं पाहिजे, असं विद्यापीठाचं परिपत्रक आलं तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो, यात कोणाच्या तासिका कापल्या जाणार? स्टाफरूममध्ये सगळेच हा हिशेब मनात करत होते. अशा वेळी वनस्पतिशास्त्राचा रामटेके उठला आणि तो सगळ्या शाखांचा एकत्र वर्ग मी घेतो म्हणाला. कोणी न मागता जबाबदारी घेणाऱ्या माणसाची नजर प्राचार्यांच्या खुर्चीवर असते, असा माझा अनुभव होता. मी तसं दोघाचौघांना बोलूनही दाखवलं.

त्याच आठवड्यात तो कँटीनमध्ये तर्री-पोह्यांची प्लेट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "गावंडे, मले माझ्या वर्गात एक अडाणी पाहिजे. तू येशील काय?" त्याची कल्पना अशी होती की प्रत्येक तासाला मागच्या भिंतीशी एक खुर्ची ठेवायची आणि तिथे दुसऱ्या विषयाचा शिक्षक बसवायचा. त्यानं विद्वत्ता पाजळायची नाही. जे समजलं नाही ते पोरांसारखा हात वर करून विचारायचं, बस. शिक्षकच विचारतो म्हटल्यावर मुलांची लाज जाईल, असं त्याचं म्हणणं. मला वाटलं, सायन्सवाल्याला कॉमर्सवाल्याची चारचौघांत फजिती करायची आहे. मीच काहून, असं विचारलं तर तो नुसता हसला आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. मी हो म्हटलं, ते त्याच्यावर लक्ष ठेवता येईल म्हणून.

सुरुवातीला मी हाताची घडी घालून बसायचो. एकदा त्यानं कॉलेजजवळच्या तळ्यातले मासे मेल्याचा विषय काढला आणि गणपती विसर्जनामुळे ते मेले, असं ठासून सांगितलं. सगळा वर्ग खाली मान घालून लिहू लागला. बी.एस्सी.ची मुलं, बी.ए.ची मुलं, माझ्या बी.कॉम.ची हुशार मुलंसुद्धा... मला राहवलं नाही. हात वर केला आणि विचारलं, "हे कोणी पाहिलं? दाखला काय?" रामटेके म्हणाला, "मी तर नाही पाहिलं. चला, पाहू." पुढच्या तासाला सगळी वरात तळ्यावर. सायन्सची मुलं बाटल्यांत पाणी भरून राहिली होती, आर्ट्सची मुलं काठावरच्या म्हाताऱ्यांशी बोलत होती. हिंगण्याहून येणारी प्राजक्ता नावाची माझी एक विद्यार्थिनी तळ्यात येऊन मिळणाऱ्या नाल्याचं पाणी कुठून येतं ते शोधत पार पलीकडे गेली. काठावरच्या सगळ्यांनी एकच सांगितलं, मासे गणपती बसायच्या आधीच मेले होते. रामटेकेनं तिथेच सगळ्यांसमोर "मी चुकलो" असं सांगून टाकलं. तेही इतक्या खुशीत, की मला नवाच संशय आला. वीस वर्षं त्या तळ्यावर फिरायला जाणाऱ्या माणसाला मासे कधी मेले हे माहीत नसेल? की यानं मुद्दाम खोटं सांगून मला गळाला लावलं?

हे मी त्याला धंतोलीच्या दवाखान्यात विचारलं, आमच्या शेवटच्या भेटीत. नाकात नळी होती, आवाज खोल गेला होता. खरं म्हणजे असं काही विचारायची ती वेळ नव्हती, पण मी न विचारताच तो गेला असता तर मला कायमचं अधांतरी ठेवून गेला असता. तो म्हणाला, "पोरं सगळ्याईचं खरं मानतात गा. तू कोणाचंच मानत नाही. म्हणून तुले बसवलं." मी म्हटलं, ते ठीक, पण माशांचं काय? त्यावर तो डोळे मिटून म्हणाला, "तपास गा तूच." बाहेर येऊन मी जिन्यात उभा राहिलो आणि मला रडू आलं. मरणाच्या दारात माणूस खरंच बोलतो म्हणतात. त्याचाही दाखला मी पाहिलेला नाही, पण त्या दिवशी मागितला नाही.

रामटेकेच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. अभ्यासक्रम असाच पुढे चालवू, असं प्राचार्य म्हणाले, तेव्हाच मी सावध झालो. गेल्या बुधवारी मुद्दाम वर्गात गेलो. वर्ग आता एका नव्या, चटपटीत सरांकडे दिला आहे. पडद्यावर तयार वाक्यं येत होती आणि मुलं ती उतरवून घेत होती. मागच्या खुर्चीवर प्रोजेक्टरची रिकामी पेटी ठेवलेली. मी ती उचलून खाली ठेवली आणि बसलो. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. पडद्यावर नवं वाक्य आलं, एकदम ठाम. मी हात वर करणार, एवढ्यात मधल्या बाकावर प्राजक्ता उभी राहिली.

"सर, हे कोणी पाहिलं?"

वर्गातल्या लिहिणाऱ्या माना एकेक करून वर आल्या. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग रोखून माझ्याकडे, जणू मीच तिला पढवून आणलं होतं. मी नकारार्थी मान हलवली. माझा संशय दुसऱ्याच माणसावर होता.