पांढऱ्या तारा

वाशिमहून केनवडला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारा होता, खिडकीशी त्याची बायको. तिच्या एमआरआयचा लिफाफा त्याने पापडासारखा जपून मांडीवर धरला होता.

"हिच्या रक्तात अल्झायमरची निशानी निंघाली," पाऊसपाण्याचं सांगावं तसं तो मला म्हणाला. "मेंदूत पांढऱ्या तारा असतात म्हने, त्या बी झिजल्या. निशानी जास्त तं झीज जास्त, असं डॉक्टर सांगे."

"आधी काय झालं, निशाणी की झीज?"

"थेच म्या इचारलं. त्यायले बी पक्कं मालूम नाही."

बायको त्याच्याकडे वळली. "भाऊ, तुमी कुठचे?"

"केनवडचा."

"मंग मले बी तिथंच उतरवा. घरी आमचे हे वाट पाहून राह्यले असतील."

"हो ना बाई. तुमी गेल्याबिगर थे जेवत नाहीत," तो म्हणाला, आणि तिच्या चपलेचा पट्टा लावायला वाकला.