दत्तूभाऊजींनी लावलेला कौल

आमचे दत्तूभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, उज्जैनच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवत होते. सकाळी मारुतीला शेंदूर लावायचा आणि वर्गात जाऊन सांगायचं की माणूस आणि माकड एकाच घराण्यातले. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण मलाही वाटायचं, यांचा मारुती यांच्यावर रुसत कसा नाही.

एकदा एका पोराने विचारलंच, सर, आप तो तिलक लगाते हो, फिर ये पाठ कैसे पढ़ाते हो? भाऊजी म्हणाले, "भगवान को जल्दी नहीं थी, बेटा. उसने दुनिया को अपने आप बनने दिया, और देखता रहा." हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की माधव नगरच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर तेच मिळायचं.

मग त्यांची मधुरा म्हणाली, मी दोन वर्षं आसामच्या जंगलात जाते, वानरांचा अभ्यास करायला. बापाने जन्मभर माकडं शिकवली, आणि पोरगी खरंच माकडांकडे निघाली तर बापालाच ते पचेना. एकुलती एक ना. नाही म्हणायची हिंमत नाही, हो म्हणायला जीभ वळेना. म्हणाले, खंडोबाला कौल लावू.

आमच्याकडची जुनी रीत आहे ही. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी शेजारी वाती वळत होते. बघते तर डावीला नुसतं पाणी आणि उजवीला चांगलं दाट गंध. मी म्हटलं, भाऊजी, देवाला उत्तर पढवून ठेवताय का? तर म्हणे, उजवा खांदा जरा गुळगुळीत आहे, वहिनी.

पंखा बंद करून सगळे घाम पुसत बसलो. शेवटी मधुरा हळूच म्हणाली, "बाबा, माणूस घडायची देवाने इतकी वाट पाहिली. तुम्ही माझी दोन वर्षं नाही पाहणार?"

तेवढ्यात डावी पाकळी सरकली. आता पडणार, तोच भाऊजींचाच हात पुढे झाला आणि त्यांनी ती वरच्यावर धरली. क्षणभर आपल्याच हाताकडे बघत राहिले. मग गंधात रुतलेली उजवी पाकळी नखाने सोडवली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

मी विचारलं, "हा कौल देवाचा की तुमचा?"

"हात त्यानेच दिलाय ना, वहिनी," म्हणाले, आणि डोळे पुसायला उठून गेले. आम्हाला सांगितलं, पंखा लावायला उठलो.

मधुराने पाठवलेला वानराचा फोटो आता देवघरात मारुतीशेजारी आहे. मी म्हटलं, पूर्वजांचे फोटो दक्षिणेच्या भिंतीवर लावतात. तर मास्तर लगेच, पूर्वज नव्हेत, चुलत भावंडं. त्या चुलत भावंडांना रोज वेळेवर उदबत्ती मिळते. मी सख्खी वहिनी, माझा चहा मात्र पूजा आटोपल्यावर.