अक्कांच्या दारातला निरोप

उभा जन्म शाळेत शिकवूनही मुलांना एकही प्रश्न न विचारणारी बाई मी अक्कांखेरीज दुसरी पाहिली नाही. धारवाडच्या मळमड्डीतल्या त्यांच्या घरी मी नऊ वर्षांची असताना दर रविवारी जायची. हौसेनं नव्हे, कोर्टाच्या हुकमानं. आई-अप्पा वेगळे झाले होते. मी आईजवळ धारवाडला, अप्पा हुबळीला, दाजीबानपेठेतल्या कापडदुकानात. मी अप्पांशी अजिबात बोलेनाशी झाले, तेव्हा भेटीसाठी दोन्ही बाजूंना चालेल असं घर शोधलं गेलं. दोघांचेही वकील अक्कांचे जुने विद्यार्थी निघाले.

नव्वदच्या दशकातल्या त्या शेवटच्या वर्षांत जो तो मला विचारायचा, आई आवडते की अप्पा? माझं उत्तर पाठ होतं. अक्का म्हणायच्या, "विचारलं की लेकरू उत्तर तयार करतंय. गप बसावं की जवळ." त्या मोगरा ओवत बसायच्या. समोर अप्पा, अंगाला कोऱ्या कापडाचा वास. मी त्यांच्याकडे पाठ करून. पेरूच्या झाडाची सावली सरकत सरकत माझ्या पायांवर यायची, लांबून एखादी स्कूटर जायची आणि भेटीची वेळ संपायची. ते रविवार मला झोपेत पाहिल्यासारखे आठवतात.

त्या घरात नियम एकच. निघणाऱ्यानं "येतो" म्हणायचं आणि राहणाऱ्यानं "या" म्हटल्याशिवाय पायरी उतरायची नाही. अप्पा माझ्याकडे बघून "येतो" म्हणत. मी ढिम्म. मग अक्काच माझ्या वतीनं म्हणायच्या, "ये रे."

असे कितीतरी महिने गेल्यावर अप्पांच्या वकिलांनी एक डॉक्टर आणले. त्यांचं म्हणणं, आईनं पोरीचं मन कलुषित केलंय. तीन महिने तिला आईपासून तोडा, फोनसुद्धा नको, बापाकडे ठेवा, सुधारेल. आईचे वकील म्हणाले, असला आजारच नसतो. पोरगी बापाला भिते, एवढंच. अक्कांच्या पडवीत सगळे हमरीतुमरीवर आले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. अक्का म्हणाल्या, "औषधावरनं भांडायलाय सगळे. लेकराला दुखतंय कुठं, ते बघा की आधी." दिवाळीपर्यंतची मुदत त्यांनीच मागून घेतली. तोवर मी बोलले नाही, तर हुबळी.

आता वाटतं, दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. अप्पांनी भिंतीवर आपटलेला जेवणाचा डबा मला लख्ख दिसायचा, आणि त्या दिवशी मी तर आजोळी होते. तो डबा आईनं सांगून सांगून माझ्या डोळ्यांत आला होता. पण अप्पांच्या चढ्या आवाजाची भीती मात्र माझी स्वतःची होती.

दिवाळीआधीच्या रविवारी अप्पा उठले, म्हणाले, "येतो." अक्कांच्या दातांत गजऱ्याचा दोरा होता. त्यांनी मान वर केली नाही. अप्पा पिशवी घेऊन दारातच उभे. त्यांना नियम मोडवेना. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मीच म्हटलं, "या."

भीतीनं म्हटलं की मनापासून, ते मला आजही सांगता येत नाही. अप्पा पायरी उतरले. त्याच आठवड्यात त्यांनी वकिलांना सांगून मला आईपासून तोडण्याचा अर्ज मागे घेतला. रविवार मात्र चालूच राहिले, आणि हळूहळू आम्ही बोलू लागलो. मोठी झाल्यावर मी अक्कांना विचारलं, तो दोरा मुद्दाम धरला होता ना? "गाठ मारायची होती की गं," म्हणून त्या हसल्या.

पुढं मी नोकरीला पुण्याला गेले. अक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा धावत आले. त्यांची वाचा गेली होती. अप्पा आधीच येऊन उशाशी बसले होते, चमच्यानं पाणी पाजत होते. माझ्या बसची वेळ झाली. मी म्हटलं, "येते, अक्का." त्यांचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. मी उंबऱ्यातच थांबले. नियम मलाही मोडवेना.

मग त्यांच्या वतीनं अप्पा म्हणाले, "ये गं."